केळं गोठवलं म्हणून आइस्क्रीम होत नाही

एप्रिल उजाडला की रविवारच्या पुरवण्यांत, फोनवरच्या रील्समध्ये आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला न चुकता फिरू लागतो. आइस्क्रीम खावंसं वाटतंय, पण वजन वाढू द्यायचं नाही? मग पिकलेली केळी कापून फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी मिक्सरमधून काढा, वर चमचाभर पीनट बटर, थोडा मध, दोन खजूर. झालं आइस्क्रीम. पाठोपाठ दुसरा सल्ला येतो: बाजारात आता ‘गिल्ट-फ्री’ आइस्क्रीम मिळतं, साखर नाही, फॅट नाही, खुशाल अख्खा डबा संपवा. आणि तिसरा, जरा वडीलधाऱ्या आवाजातला: मुळात आइस्क्रीम हवंच कशाला? ताक प्या.

हे तिघे एकमेकांचे विरोधक असल्याचा आव आणतात. मला ते एकाच पंथाचे वाटतात. दूध, साय, साखर आणि हवा यांचं गोठवलेलं मिश्रण ही कॅलरी मोजणाऱ्या माणसाने तोंडात घालायची वस्तूच नव्हे, यावर तिघांचंही एकमत आहे. मग कुणी तिच्या जागी केळं बसवतो, कुणी प्रयोगशाळेतली गोडी, कुणी ताक. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वजनाची काळजी असलेल्या माणसाला आइस्क्रीम खावंसं वाटलं तर त्याने आइस्क्रीमच खावं. खरं, पूर्ण फॅटचं, साखरेचं. फक्त ते लहान घ्यावं आणि एकदाच घ्यावं.

आधी हिशेब करू, कारण या तिन्ही सल्लागारांचा हिशेब कच्चा आहे.

आपल्याकडे आइस्क्रीम कशाला म्हणायचं हे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने ठरवून दिलं आहे. दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के, प्रथिनं किमान साडेतीन टक्के, पाणी सोडून उरणारे घनपदार्थ किमान ३६ टक्के. शिवाय एक लिटर आइस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. ही शेवटची अट नीट वाचा. लिटरभर डब्यात जेमतेम अर्धा किलो माल असला तरी कायद्याला चालतो. बाकीची जागा हवेची. घोटताना मिश्रणात हवा शिरते, म्हणून तर आइस्क्रीम चमच्याने खाता येतं; नाहीतर दगडच झाला असता. ग्राहक म्हणून या हवेचे पैसे मोजायला तुमचा जीव खालीवर होत असेल तर तो तुमचा हक्क आहे. पण कॅलरी मोजणाऱ्याला ही हवा फुकट मिळालेली सवलत आहे.

आता १०० ग्रॅम साधं व्हॅनिला घ्या. त्यात १० ते १२ ग्रॅम फॅट, दर ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे साधारण १००. दुधातली आणि वरून घातलेली मिळून साखर २२-२३ ग्रॅम, दर ग्रॅमला ४, म्हणजे ९०. प्रथिनांचे १५. एकूण दोनशेच्या आसपास. पण दुकानात मिळतो तो छोटा कप असतो १०० मिलिलिटरचा, आणि त्यात माल भरतो ५५-६० ग्रॅम. म्हणजे ११० ते १२० कॅलरी. एका वडापावच्या निम्म्याहूनही कमी. ज्या वस्तूपासून माणसाला वाचवायला एवढी फौज उभी राहिली आहे, तिचा हा खरा आकडा.

आणि ते केळ्याचं ‘आइस्क्रीम’? दोन मध्यम केळी, साल काढून २२० ग्रॅम धरा, दोनशे कॅलरी. पीनट बटरचा एक मोठा चमचा, ९५. मधाचा एक मोठा चमचा, ६०. दोन खजूर, ४५. बेरीज चारशे. वर बदामाचे काप आणि कोकोची भुकटी घालायचा मोह कुणाला सुटला आहे? म्हणजे सव्वाशे कॅलरींच्या वस्तूची भीती वाटली म्हणून माणसाने तिप्पट कॅलरींची वाटी चाटूनपुसून खाल्ली, आणि ‘आज मी गोड काही खाल्लं नाही’ या समाधानात झोपला. केळ्याविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. केळ्यात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, आणि आपल्याकडे त्याला दूध-साखर घालून शिकरण करायची जुनी रीत आहे. पण शिकरणीने कधी स्वतःला आइस्क्रीम म्हणवून घेतलं नाही. केळं खायचं तर केळं म्हणून खा.

केळंवाले यावर म्हणतील, मध-खजूर घालू नका, नुसतं केळं घ्या. घ्या की. पण मग आइस्क्रीमची इच्छा भागली का, हे प्रामाणिकपणे सांगा. माझ्या पाहण्यात तरी हे मिश्रण खाऊन झाल्यावर तासाभराने फ्रीझरचं दार पुन्हा उघडलं जातं. कारण ती इच्छा पोटाला थंडावा मिळावा एवढीच नसते. आइस्क्रीम तोंडात विरघळतं तेव्हा त्यातल्या दुधाच्या फॅटचा पातळ थर जिभेवर पसरतो, वास सावकाश सुटत जातो, आणि थंड, गोड, स्निग्ध असं तिन्ही एका क्षणात मिळतं. केळ्यात फॅट जवळजवळ नाहीच. त्याचा गुळगुळीतपणा पिष्ट आणि तंतूंचा असतो. ती वेगळी वस्तू आहे आणि जिभेला फसवण्याइतकी जवळचीही नाही.

साखरेबद्दलही एक गोष्ट हे सल्लागार सांगत नाहीत. आइस्क्रीममधली साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून उणे पंधरा अंशाला आइस्क्रीमचा काही भाग गोठलेला आणि काही भाग द्रव असा राहतो, आणि चमचा आत जातो. साखर काढून टाकली की बर्फाची वीट उरते. तेव्हा ‘साखर नाही’ असं लिहिलेल्या डब्यात साखरेचं हे दुसरं काम करायला कुणीतरी आणावंच लागतं: सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल, पॉलिडेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन. यातलं माल्टोडेक्स्ट्रिन तर पचायला साखरेइतकंच जलद आणि कॅलरीही तितक्याच, दर ग्रॅमला ४. माल्टिटॉलच्या दोनाच्या वर. ‘साखर नाही’ या दोन शब्दांचा अर्थ ‘कॅलरी नाहीत’ असा कुणीही छापलेला नसतो. तो आपण वाचतो. सॉर्बिटॉल-माल्टिटॉलसारखे पॉलिऑल्स जास्त असलेल्या डब्यावर त्यांचा रेचक परिणाम होऊ शकतो अशी सूचनाही बारीक अक्षरांत छापावी लागते. अख्खा डबा संपवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ती ओळ तरी मोठ्याने वाचून दाखवावी.

या ‘अख्खा डबा’ प्रकरणाचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे एका वकिलाने काढलेल्या हॅलो टॉप नावाच्या आइस्क्रीमने २०१७ साली किराणा दुकानांतल्या पाइंटच्या डब्यांत भल्याभल्या जुन्या ब्रँडना मागे टाकलं. एरिथ्रिटॉल आणि स्टीव्हियाची गोडी, जास्तीची प्रथिनं, आणि डब्याच्या पुढच्या बाजूला भल्यामोठ्या आकड्यात संपूर्ण डब्याच्या कॅलरी: तीनशेच्या आसपास. झाकणाखालच्या पापुद्र्यावर गमतीची वाक्यं असत. तळ लागला की थांबा, अशा अर्थाचं त्यातलं एक. जाहिरात म्हणून हुशार. आहाराचा सल्ला म्हणून मात्र याहून वाईट काही सुचणं कठीण. कारण ती माणसाला सांगते की आइस्क्रीमचं एकक म्हणजे डबा. एका बैठकीत पावणेपाचशे मिलिलिटर. उद्या तोच माणूस लग्नाला गेला, समोर खरं आइस्क्रीम आलं, तर त्याची सवय कुठल्या मापाची झालेली असेल? आपल्याकडच्या अनेक नव्या कंपन्यांनी तोच साचा उचलला आहे: छोटा डबा, गुलाबी-हिरवे रंग, वर ‘गिल्ट-फ्री’.

‘गिल्ट-फ्री’ची एक सोय अशी की तिला कायद्यात व्याख्या नाही. ‘लो कॅलरी’ला आहे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या दावे-जाहिरात नियमांनुसार घन पदार्थ ‘लो कॅलरी’ म्हणवून घ्यायचा तर १०० ग्रॅमला ४० कॅलरींच्या वर जाता येत नाही. आता हे पाहा. कमी फॅटच्या आइस्क्रीमलाही किमान २६ टक्के घनपदार्थ लागतात. ते सगळे साखर-प्रथिनांचे धरले, फॅट शून्य धरलं, तरी १०० ग्रॅमला शंभराहून जास्त कॅलरी होतात. साध्या दूध-साखरेतून कायद्याने आइस्क्रीम आणि कायद्याने लो कॅलरी अशी एकच वस्तू बनत नाही. म्हणूनच ज्या शब्दाला नियम नाही तो शब्द डब्यावर मोठा आणि ज्याला नियम आहे तो गायब.

जाता जाता फ्रोझन डेझर्टबद्दल. वनस्पती तेलाचं असतं म्हणजे हलकं असणार, असा एक भाबडा समज आहे. २०१७ मध्ये याच वस्तूवरून अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात भांडले. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं सुचवणाऱ्या अमूलच्या जाहिराती न्यायालयाने रोखल्या. दुधाचं फॅट चांगलं की तेलाचं हा वाद चवीसाठी आणि शेतकऱ्यासाठी महत्त्वाचा असेल. कॅलरीच्या वहीत मात्र दोन्ही फॅटची नोंद एकच, ग्रॅमला ९.

आता माणसाच्या वागण्याकडे येतो, कारण खरी गफलत तिथे आहे. आपल्या भाषेने ती केव्हाच ओळखून ठेवली आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. ‘उपवासाला चालतं’ असा शिक्का बसला की साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी ताटली कुणी मोजत नाही. डाएट आइस्क्रीमचा डबा ही त्या खिचडीचीच शहरी बहीण आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं. एकाच प्रकारची ओट-मनुकांची बिस्किटं, काहींना पौष्टिक म्हणून दिली, काहींना चैनीची म्हणून. पौष्टिक समजून खाणाऱ्यांनी सुमारे ३५ टक्के जास्त खाल्ली. शिक्क्याने बिस्किट बदललं नाही, हात बदलला.

दुसरा प्रयोग मला याहून मार्मिक वाटतो. येल विद्यापीठात आलिया क्रम आणि सहकाऱ्यांनी ४६ जणांना एकच मिल्कशेक दोन वेळा पाजला. कॅलरी ३८०. एकदा त्यावर चिठ्ठी होती ‘भरपूर, चैनीचा, ६२० कॅलरी’. एकदा ‘शहाणा, हलका, १४० कॅलरी’. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. चैनीचा समजून प्यायल्यावर भुकेची सूचना देणारं घ्रेलिन हे संप्रेरक चांगलंच खाली आलं. हलका समजून प्यायल्यावर ते फारसं हललंच नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर सगळा इमला रचू नये. पण ‘मी आत्ता काहीतरी छान खाल्लं’ हे शरीराला कळवण्यात डोक्याचाही वाटा असतो, एवढं तरी त्यातून दिसतं. स्वतःला फसवून खाल्लेल्या आइस्क्रीमने हा वाटा वाया जातो.

इथे प्रतिपक्षाला त्याचं देणं देऊन टाकतो. तेवढ्याच मापाचं खरं आइस्क्रीम आणि तेवढ्याच मापाचं डाएट आइस्क्रीम यांत दुसऱ्यात कॅलरी कमी असतात, कधी निम्म्याच. जो माणूस १०० मिलिलिटरला थांबतो आणि ज्याला ती चव आवडते, त्याने ते खुशाल खावं. मधुमेह असलेल्यांचा प्रश्नही वेगळा आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा होता. त्यांच्यासाठी साखरेचा ग्रॅमन्ग्रॅम मोजावा लागतो आणि त्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी करायचा, लेखकाने नाही. पण वजन उतरवायचं म्हणून साखरेऐवजी कृत्रिम गोडी, या सर्वसाधारण सल्ल्याला आता फारसा आधार उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन काबूत ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये अशी शिफारस केली. ती सशर्त आहे, आधीपासून मधुमेह असलेल्यांना आणि पॉलिऑल्सना ती लागू नाही, हेही सांगायला हवं. तरी ‘साखर नको, स्टीव्हिया घ्या’ म्हणणाऱ्यांनी निदान ती वाचावी.

राहिले ताकवाले. यांची परंपरा मोठी आहे. मुंबईत १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजाने बर्फ येऊ लागला, जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी मुंबई समाचारने छापली. तेव्हापासून आजवर आइस्क्रीम खाणाऱ्याला काहीतरी शिक्षा झालीच पाहिजे, असं मानणारा वर्ग या शहरात अखंड नांदतो आहे. पूर्वी सर्दी होती, आता कॅलरी आहेत.

पूर्ण वर्ज्य करण्याने काय होतं, याचा एक जुना प्रयोग आइस्क्रीमवरच झालेला आहे, आणि तो आहारशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला: कुणाला शून्य, कुणाला एक, कुणाला दोन ग्लास. मग समोर आइस्क्रीम ठेवलं आणि चव पाहायच्या निमित्ताने हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे. ज्या सतत डाएटवर असत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. व्रत मोडलंच आहे, आता काय उरलं, हा तो विचार. आपल्या घरात तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. महिनाभर गोड बंद, आणि मग एका मुंजीच्या जेवणात आइस्क्रीमच्या काउंटरवर तीन फेऱ्या. त्या तीन फेऱ्यांचं पाप आइस्क्रीमवर घालतात. माझ्या मते त्याचा मोठा हिस्सा महिनाभराच्या त्या बंदीचा आहे. ताकाला माझा विरोध नाही, जेवणानंतर मीही पितो. पण आइस्क्रीमची इच्छा ताकाने भागते असं म्हणणाऱ्याला ती इच्छा कधी झालीच नसावी.

आइस्क्रीमची बाजू घेणारे काही जण उत्साहाच्या भरात भलतेच पुरावे पुढे करतात. तेही इथेच बाजूला काढतो. अमेरिकेतल्या काही दीर्घकालीन पाहण्यांत आइस्क्रीम खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाल्याचं दिसलं होतं. हे वाचून टाळ्या वाजवू नका. ज्यांना धोका जाणवतो किंवा डॉक्टर बजावतात ते लोक आधीच आइस्क्रीम सोडतात, मग न सोडणारे निरोगी दिसणारच. तसंच ‘लहान वाटी घ्या, आपोआप कमी खाल’ या सल्ल्यासोबत कॉर्नेलच्या ब्रायन वॉन्सिंक यांचं नाव फिरतं. त्यांच्यावर २०१८ मध्ये विद्यापीठानेच शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांचे डझनाहून जास्त निबंध मागे घेतले गेले. लहान वाटी घ्यावी हे खरं, पण तिला मानसशास्त्राची जादू लागत नाही. लहान वाटीत कमी मावतं, एवढं कारण पुरेसं आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो डाएटवाल्यांचा नव्हे, साध्या माणसांचा आहे. ‘थोडंच खा’ हे सांगणं सोपं. हातात चमचा आल्यावर थोडं म्हणजे किती? ज्याला थांबता येतं त्याला सल्ला लागतच नाही, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला हा सल्ला निरुपयोगी. आक्षेप खरा आहे. इच्छाशक्तीच्या भरवशावर मीही कुणाला सोडणार नाही. पण थांबणं हे मनाने करायचं काम आहे, असं आपण का धरून चाललो आहोत? ते काम मापाने करायचं असतं, आणि माप विकत घेतानाच ठरतं.

आपल्याकडे आइस्क्रीम खाण्याची जी जुनी पद्धत होती तिच्यात हे माप आपोआप होतं. माणूस बाहेर जाऊन एक नग खायचा आणि घरी यायचा. कोल्हापूर-सांगलीकडे हातगाडीवरून एक गारीगार. मुंबईत चर्चगेटला १९५३ पासून के. रुस्तममध्ये दोन पातळ बिस्किटांमध्ये एक वडी. ती वितळायच्या आत संपवावी लागते आणि दुसरीसाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. गिरगाव चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटरमध्ये कुल्फी तराजूवर तोलून, तुकडे करून देतात. कॅलरी मोजणाऱ्याला यापेक्षा सोयीचं दुकान कुठलं? (फक्त लक्षात ठेवा, कुल्फी आटवलेल्या दुधाची, तिच्यात घोटलेली हवा नसते. शंभर ग्रॅम कुल्फीला दोनशेच्या वर कॅलरी धराव्यात आणि पन्नास ग्रॅम मागायला लाजू नये.) पुण्यात मस्तानीचा एक ग्लास, दाट दूध, साखर, आमरस आणि वर आइस्क्रीमचा गोळा मिळून, सहज चारशेच्या घरात जातो. पण पुणेकरांनी त्यावर उपाय काढलेलाच आहे: वन बाय टू. त्याला काटकसर म्हणून हसतात. माझ्या मते पुण्याने आहारशास्त्राला दिलेली ती मोठी देणगी आहे.

पूर्वी घरी आइस्क्रीम व्हायचं तेही पॉटचं. बर्फ आणि खडेमीठ भरायचं, घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा, आणि तासाभराने निघालेलं आइस्क्रीम दहा वाट्यांत वाटून त्याच रात्री संपायचं. दुसऱ्या दिवशी फ्रीझरमध्ये काही नसायचं, कारण बहुतेक घरांत फ्रीझरच नसायचा.

माप बिघडलं ते फॅमिली पॅकने. सातशे मिलिलिटरवर सातशे मोफत. म्हणजे फ्रीझरमध्ये जवळजवळ दीड लिटर, कॅलरीत सांगायचं तर दीड हजाराच्या वर, रात्री अकराच्या हाताला लागेल असं. तिथे कुणाचा संयम टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही करू नये. मोफत मिळालेली ती दुसरी वीट आपल्या वजनावर जेवढा परिणाम करते तेवढा रस्त्यावर खाल्लेला कुठलाही कप करत नाही. डाएट आइस्क्रीमचा डबाही शेवटी घरच्या फ्रीझरमध्येच येऊन बसतो. म्हणून ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी माझा सल्ला ‘थोडं खा’ असा नाहीच. घरी आणू नका. जा, एक कप घ्या, उभ्याने खा, पैसे द्या, चालत परत या. दुसरा कप हवा असेल तर पुन्हा चप्पल घाला.

खाताना एक करा. फ्रीझरमधून काढलेला कप लगेच फोडू नका, चार-पाच मिनिटं थांबा. थंडीने जिभेची गोडीची जाण मंदावते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून पाहिलं तर ते किती भयंकर गोड असतं ते कळेल. म्हणजे अतिथंड आइस्क्रीममध्ये घातलेली बरीचशी साखर चव न देताच पोटात जाते. थोडं सैल झालेलं आइस्क्रीम जास्त गोड, जास्त सुगंधी लागतं, आणि तेवढ्याच कॅलरींत जास्त मिळाल्यासारखं वाटतं. यासाठी ना स्टीव्हिया लागत, ना केळं.

शेवटचं मागणं दुकानदारांकडे आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांनी मेन्यूवर कॅलरी लिहिणं एफएसएसएआयने बंधनकारक केलेलं आहे. आइस्क्रीम पार्लरांच्या साखळ्याही त्यात येतात. तिथे बोर्डावर ‘सिंगल स्कूप’ लिहिलेलं दिसतं. तो स्कूप किती ग्रॅमचा आणि किती कॅलरींचा, हे विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा गोंधळून मॅनेजरकडे बघतो. विचारत राहा. आणि सोबत पन्नास मिलिलिटरचा कपही मागा, लहान मुलांचा म्हणून नव्हे, तुमच्यासाठी. मागणारे वाढले तर तो बोर्डावर येईल.